पायात जाळी, दाताला मिश्री

"मांडीतली रक्ताची नळी तुंबलीय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी डॉपलर केला होता, म्हणजे सोनोग्राफीसारखीच, पण रक्त कुठवर वाहतं ते दाखवणारी तपासणी. माझं रक्त गुडघ्याखाली जेमतेम पोचत होतं. आणि मी बया, पोटरीत गोळे येतात म्हणून नुसती तेल चोळत बसले होते!

ताम्हिणीत आमचा ढाबा आहे. दिवसभर उभं राहून भाकऱ्या थापायच्या. पाय गेला तर चूल कोण बघणार, एवढंच माझ्या डोक्यात.

पुण्याला अँजिओप्लास्टी केली. जांघेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, आत घालतात. फुग्याने अडथळा दाबतात आणि स्टेंट, म्हणजे जाळी, बसवतात. दुसऱ्या दिवशी तो गार पडलेला पाय हाताला गरम लागला. मी रडलेच.

"वाट मोकळी केलीय, आजार गेलेला नाही," डॉक्टरांनी बजावलं. "गोळ्या चुकवू नका, तपासणीला येत राहा. विडी-सिगारेट ओढता का?"

"अगंबाई, मी कशाला वढू? वढत्यात ते आमचं मालक!"

घरी येऊन नवऱ्याच्या मागे लागले. थोटूक सापडलं की गिऱ्हाइकांसमोर त्याची अब्रू काढायची. बिचाऱ्याने विडी सोडली.

काही वर्षं मी तुरुतुरु चालले. मग पाय पुन्हा गार पडू लागला. पावसाची ओल असेल, म्हटलं. चालता येतंय तर कशाला हेलपाटा, म्हणून तपासणी कधीच सोडली होती. पायाची करंगळी काळी पडली तेव्हा गेले.

जाळी आतून बंद झाली होती. पुन्हा कॅथेटर घातला, पण त्यातली बारीक तार तुंबलेल्या जाळीतून पुढे सरकेना. तिथली नवी डॉक्टरीण माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मावशी, दात कशाने काळे झाले?"

"मिश्रीनं. सकाळ-संध्याकाळ लावतीया."

"मिश्री कशाची असते?"

"तंबाखूची," म्हणाले आणि पदराने तोंड झाकलं. आमच्याकडे बायका तंबाखू तव्यावर भाजतात, कुटतात आणि दाताला लावतात. ते आमचं दात घासणं, त्याला व्यसन कोण म्हणतं?

"त्यानेही नळ्या आखडतात हो," ती म्हणाली.

नळी मोकळी झालीच नाही, गुडघ्याखाली पाय कापला. शुद्धीवर आले तेव्हा नवरा उशाशी होता. "माजी विडी तेवढी दिसली तुला," एवढंच म्हणाला. कापल्यापेक्षा ते जास्त लागलं.

आता बसून भाकऱ्या थापते. परवा माझी जाऊ मिश्री लावत होती. टाक म्हटलं, तर म्हणते, "तुजा पाय गेला. माजं दोन्ही हायेत की!" मी लुगडं वर केलं आणि थोटा पाय तिच्यासमोर धरला. पळाली. आता परसात लपून लावते, भवानी!

बायांनो, जाळी बसली म्हणजे सुटलो असं समजू नका. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी मिश्रीचं सांगा. आणि सोडा ती. मला अजून तलफ येते, खोटं कशाला बोलू?

माझ्या दुसऱ्या पायाचीही नळी अरुंद झालीय. नाडी कशी बघायची ते डॉक्टरिणीने नवऱ्याला शिकवलंय. रोज उठल्यावर तो माझ्या पावलावर बोटं ठेवून बसतो. मी श्वास धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहते.

"हाय," तो म्हणतो आणि चहा टाकायला उठतो.