दोन नंबरच्या सीडीतले अण्णा

"तुझ्या अण्णांना आठवायला गेलं की दवाखान्यातलेच डोळ्यांपुढं येतेत गं. आधीचे येतच न्हाईत," आई एका दुपारी लसूण सोलता सोलता म्हणाली, आणि माझ्या डोक्यात भुंगा शिरला तो तिथनं.

आमच्या घरात फोटोची हौस कुणालाच नव्हती. भिंतीवरचा अण्णांचा फोटो एका जुन्या ओळखपत्रावरनं मोठा केलेला. त्यात ते कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखे दिसतात. हलते-बोलते अण्णा जगात एकाच ठिकाणी होते, माझ्या लग्नाच्या व्हीसीडीत. तीन सीड्यांचं पाकीट, प्रत्येकीवर आम्हा नवरा-नवरीचा फोटो चिकटवलेला. दोन नंबरच्या सीडीत अण्णा मांडवाच्या दारात पाहुण्यांना हात जोडत उभे आहेत, एवढं मला पक्कं आठवत होतं.

ती सीडी मी धाराशिवला घरी परतल्यावर माझ्या कपाटातनं शोधून काढली आणि दुसऱ्याच दिवशी एसटीनं लोहाऱ्याला आईकडं आले. धाकट्या भावानं तिथं नवा मोठा टीव्ही आणि त्याच्या जोडीला ब्लू-रे प्लेअर आणून ठेवला होता. सीडी आत सरकवली. घरघर केली मेल्यानं, आणि बाहेर ढकलून दिली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर.

"ताई, हा व्हीसीडी घेत नाही. डीव्हीडी घेतो, ब्लू-रे घेतो. व्हीसीडी लई जुनी झाली."

"एवढे पैसे मोजून आणलास आणि साधी लग्नाची सीडी दाखवंना? आग लाव त्याला!"

तो हसला. मला हसू येईना. आई पदर नीट करून, चष्मा पुसून टीव्हीसमोर बसली होती, आणि मी आत-बाहेर करत होते. आता खरं सांगते, मला नुसती सीडीची काळजी नव्हती. माझ्या लग्नात अण्णांचा आजार सुरू झालेला होता. अक्षता पडताना माझं सगळं लक्ष त्यांच्या कॉलरीकडं होतं. आदल्या वर्षीच शिवलेला शर्ट, आणि कॉलरीत दोन बोटं सहज जातील एवढा ढिला. आईला आधीचे अण्णा बघायचे होते, आणि ह्या सीडीत ते तसे नसले तर?

पण सुरू केलेलं अर्धवट सोडायचा माझा पिंड नाही. भावाच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नव्हती. मग त्याला मोटारसायकल काढायला लावली, मी मागं बसले आणि बसस्थानकाजवळचं कॉम्प्युटरचं दुकान गाठलं. तिथल्या जुन्या मशीनवर सीडी लागली. तिच्यातली फाईल पेनड्राइव्हवर यायला लागली आणि पाऊण वाटेवर अडकली. मी दुकानाच्या पायरीवर चढत-उतरत राहिले. दुकानदार वैतागून म्हणाला, "बसा की ताई, तुमच्या चालण्यानं काय लवकर यायची न्हाय ती."

आली एकदाची. घरी आणली तर टीव्हीला ती फाईल ओळखू येईना. भावानं लॅपटॉपवर तिचा प्रकार बदलला, नव्या टीव्हीला कळेल असा केला. त्यात सगळी संध्याकाळ गेली. आई जागची हलली नाही. चहासुद्धा तिथंच प्याली.

आधी मुंडावळ्या बांधलेली मी दिसले, आणि मग आले अण्णा. मांडवाच्या दारात, डोक्याला फेटा, हात जोडलेले. चित्र धुरकट होतं, पण आवाज खणखणीत, "जेवल्याशिवाय जायचं न्हाय हां, पाव्हणं!" मी कॉलर बघितली. गळ्याला नीट बसलेली! गाल भरलेले, खांदे रुंद. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

"अगं बाई, हेच ते," आई म्हणाली. तिनं तोंडावर पदर धरला.

"थांबा, चित्र ताणलं गेलंय," भाऊ म्हणाला. "जुनं चित्र चौकोनी असतं, टीव्ही लांबडा. नीट करतो." त्यानं रिमोट दाबला. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि त्यांच्या मधे अण्णा आक्रसले. गाल बसले. कॉलर ढिली झाली.

आईचा पदर खाली आला.

"पहिलं होतं तसं कर."

"आई, ते चुकीचं होतं. आता बरोबर आहे."

"मला कळतंय रे. तुझी ही बहीण काय भोपळ्यावानी दिसत होती! अशी कुठं होती ती? एक घास जात नव्हता त्यांना त्या दिवशी, वाढलेलं ताट तसंच माघारी आलं. म्याच उचललं. मला ठाव न्हाय व्हय?" तिनं पदरानं चष्मा पुसला. "तरी पण कर."

भाऊ माझ्याकडं बघायला लागला. मी त्याच्या हातातनं रिमोट ओढून घेतला. कुठलं बटण ते कळेना, दोन-तीन दाबली तेव्हा कुठं चित्र पुन्हा पसरलं. अण्णा भरले, मांडवाचं दार रुंद झालं, पाहुणे फुगले, "जेवल्याशिवाय जायचं न्हाय हां" पुन्हा ऐकू आलं.

"बघ," आई म्हणाली, "आता कसे जेवल्यावानी दिसतेत."