विटांवरची शेगडी

माझ्या दोन मणक्यांच्या मध्ये गॅप आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा घरी कुणाला फारसं नवल वाटलं नाही. आमच्या आळीत कमरेला पट्टा बांधलेली चार माणसं रोज पारावर भेटतात, त्यांत एकाची भर पडली. मी टेम्पोवाला. निरगुडसरच्या मळ्यांतून टोमॅटोचे कॅरेट भरायचे आणि नारायणगावच्या बाजारात नेऊन उतरवायचे, हे काम वीस-बावीस वर्षं केलं. गाडी चालवायलाही मी आणि कॅरेट उचलायलाही मीच, कारण हमालाची वाट बघत बसायचा माझा स्वभाव नाही. तो स्वभावच कमरेत जाऊन बसला. पाठोपाठ दोन्ही गुडघे गेले आणि टेम्पो विकावा लागला.

बायको अंगणवाडीत सेविका आहे. ती सकाळी निघते. मुलगी मंचरला मेडिकलच्या दुकानात कामाला, ती तिच्याही आधी निघते. घरात उरलो मी आणि खाट. पहिले सहा महिने मी पडून काढले. एका दुपारी बायको गावातली वीस पोरं सांभाळून आली, हातपाय धुतले आणि पदर खोचून माझ्यासाठी भाकरी थापायला लागली. तिने एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. मला माझी लाज वाटली आणि दुसऱ्या दिवशी मी झाडू हातात घेतला.

पहिल्याच दिवशी अर्धी खोली झाडून मी तसाच ओणवा अडकलो. हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. काम कोणतं आहे यापेक्षा ते किती उंचीवर आहे, त्यावर माझं दुखणं ठरतं. मग मी घराची उंची बदलायला घेतली. झाडूला बांबूचा लांब दांडा बांधला. उंच प्लास्टिकचं स्टूल आणलं, त्यावर बसून कपडे धुवायचे आणि बादली समोर दगडावर ठेवायची. कळशी अर्धीच भरायची. बाजरी गिरणीत न्यायची तर दोन पिशव्यांत सारखी वाटून दोन्ही हातांत घ्यायची, कारण भार एकाच चाकावर टाकला तर काय होतं हे टेम्पोवाल्याला सांगावं लागत नाही. दिवसाला ओणवं काम एकच. अंघोळीची मोरी घासली तर त्या दिवशी तुळशीपुढचं सारवण नाही.

सगळ्यात मोठं काम ओट्याचं होतं. आमचा ओटा बांधला तेव्हा गवंड्याने बायकोची उंची बघितली होती. ती ठेंगणी आहे आणि मी ताडमाड. मी ओट्यावर विटांचे तीन थर लावले आणि त्यावर शेगडी ठेवली. बायको म्हणाली, "मग मी काय पाटावर उभी राहू व्हय?"

मी म्हटलं, "राहा."

ती राहिली. अजूनही चहा करायचा झाला तर पाट ओढून त्यावर उभी राहते आणि माझ्याकडे बघून मान हलवते.

भाकरी शिकायला मला दोन महिने लागले. पहिल्या भाकरीला चार कोपरे होते. चुलतभाऊ कुंपणापलीकडून विचारायचा, "काय वैनी, झाला का सैपाक?" मी एकदा त्याला सांगितलं, "माझा झालाय. तुझी बायको माहेरी गेलीय तर तू दोन दिस फरसाणावर हाईस, ये जेवायला." तो खरंच आला, चार भाकरी खाल्ल्या आणि त्यानंतर त्याची चेष्टा जरा मवाळ झाली.

मासवडीत मात्र माझा हात कुणी धरत नाही. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या बाजूला पाहुण्याला मासवडी केली नाही तर त्याला पाहुणचार म्हणत नाहीत. नावात मास असलं तरी ती बेसनाची. उकळत्या फोडणीच्या पाण्यात बेसन सोडून ते गुठळी न होता घोटायचं, वाफ आणायची, गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ, खोबरं, कांदा, लसणाचं सारण भरायचं आणि फडक्यानेच दुमडून दाबायचं. बेसन घोटायला मनगट लागतं, ते मला स्टेअरिंगने दिलं होतं. आमच्या घरी गेल्या तीन वर्षांत मासवडीला बायकोने हात लावलेला नाही. लावावा लागत नाही.

हे सगळं मला सुरळीत जमलं असं कुणी समजू नये. थंडीत सकाळी कुशीवर वळून, हात टेकून उठायलाच दहा मिनिटं जातात. शिंक आली तर आधी काहीतरी धरावं लागतं. काही दिवस असे जातात की डाळ-भात लावतो आणि भिंतीला टेकून रडू येईल अशा रागाने उभा राहतो. पण संध्याकाळी दोघी घरी येतात तेव्हा घर झाडलेलं असतं, पाणी भरलेलं असतं आणि ताटं वाढलेली असतात. हे मी करतो, याचा मला अभिमान आहे.

तो अभिमान मी एकदा स्वतःच्या हातांनी खाली उतरवून ठेवला, त्याची ही गोष्ट.

मुलीला मढचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर कष्टाचं, मुलीलाही तो पसंत होता. त्यांचा होकार तेवढा यायचा होता आणि त्याआधी ते आमचं घर बघायला, जेवायला येणार होते. मध्यस्थाने त्यांना सांगूनच ठेवलं होतं की मासवडी खायला चला. आदल्या दिवशी माझी थोरली बहीण, आक्का, आळ्याहून मदतीला आली. तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि विटांकडे बघून कमरेवर हात ठेवले.

"हे काय रचून ठिवलंय? पावण्यांनी बघितलं मंजी?"

"काय व्हतंय बघितलं तर?" मी म्हटलं.

"बाप चुलीपाशी, ह्ये एक. अन् बापाचं कंबर न् गुडघं गेल्यालं, ह्ये दुसरं. उद्या म्हणत्याल, दुखणं रक्तातलं हाय, पोरीलाबी व्हईल. मग काय सांगशील?"

माझ्या तोंडाला सहसा कुलूप लागत नाही, पण आक्काचं शेवटचं वाक्य मला लागलं होतं. माझ्या कमरेपायी पोरीचं ठरता ठरता मोडलं तर, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. मी एकेक वीट उतरवली. स्टूल बाहेरच्या खोलीतल्या माळ्यावर गेलं. पट्टा शर्टातून फुगलेला दिसतो म्हणून तो कपाटात गेला. आक्काने शेगडी खाली फरशीवर मांडली, कारण तिला बसूनच स्वयंपाकाची सवय. संध्याकाळी मुलगी कामावरून आली, मोकळ्या ओट्याकडे बघत उभी राहिली.

"पप्पा, विटा कुठंयत?"

"धुवायला काढल्यात," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि आत गेली. विटा कुणी धूत नाही, हे तिलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून, पट्ट्याविना, बापासारखा बाहेर बसलो. पाहुण्यांचा फोन आला, "नारायणगावात पोचलो." आक्काने लगेच बेसन घोटायला घेतलं. पण नारायणगावात पोचणं आणि नारायणगावातून निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पाहुणे बाजाराच्या गर्दीत अडकले. गरमच वाढायची म्हणून आक्का थापायचं थांबली, दोनदा दारात जाऊन आली आणि बेसन पातेल्यात गार झालं.

मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा असे चौघं आले. पाणी झालं, चहा झाला, उसाच्या आणि बिबट्याच्या गप्पा सुरू झाल्या. तेवढ्यात बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, जरा आत येता का?" पाहुण्यांसमोर ती मला अशी कधी बोलावत नाही.

आत आक्का फडक्यापुढे बसली होती. गार बेसन थापल्यावर त्याला उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा गेल्या होत्या. सारण बाहेर आलं होतं. आक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "लई दिसांत केली न्हाई रे. सुनाच करत्यात आता."

डब्यात बेसन होतं. सारणही उरलं होतं. उभं राहून करायला ओटा होता, पण विटा मागच्या पडवीत आणि शेगडी खाली. ते सगळं परत मांडायचं तर बाहेर आवाज जाणार. मी भिंत धरली, आक्काच्या खांद्यावर हात ठेवला आणि फरशीवर बसलो. तीन वर्षांत मी खाली बसलो नव्हतो. डावा गुडघा असा बोलला की बायकोने डोळे मिटले.

पण मासवडी झाली. पाणी उकळलं, बेसन पडलं, आणि हात आपोआप चालायला लागले. कमरेतून कळा येत होत्या आणि मनगट आपलं काम करत होतं, जणू दोघांची ओळखच नव्हती. वाफ आल्याआल्या थापलं, भरलं, दुमडलं. आक्काने सुरी चालवली. एकही वडी फुटली नाही. तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि हळूच म्हणाली, "आईसारखी झाली." आईच्या हाताची मासवडी आमच्या दोघांशिवाय आता कुणाला आठवत नाही.

मग मी उठायला गेलो आणि उठता येईना. आक्का आणि बायको दोघींनी काखेत हात घातले, तरी कंबर हलेना. बाहेरून मुलाच्या वडिलांचा आवाज आला, "पावणं कुठं गेलं?" आक्का दारात गेली आणि म्हणाली, "त्येंना फोन आला व्हता, मागं गेल्यात जरा."

त्यानंतर मला बाहेरून शिडी सरकवल्याचा आवाज आला. माझी मुलगी साडी नेसून आतल्या खोलीत बसली होती, ती उठून पाहुण्यांच्या मधून गेली होती आणि माळ्यावर चढली होती. तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"पप्पा मागं नाही गेले. आत मासवडी करतायत. घरातलं सगळं तेच करतात. त्यांच्या मणक्यात गॅप आहे, खाली बसले की उठता येत नाही, म्हणून स्टूल लागतं."

आक्काने कपाळाला हात लावला. मला आधी राग आला, खरं सांगतो. एवढं करून झाकलेलं पोरीने एका दमात उघडं केलं. ती स्टूल घेऊन दारात आली, आणि तिच्या मागे मुलाची आई.

त्या बाई चौकट धरून उभ्या राहिल्या. मी स्टुलावर कोपरं टेकवली, एक गुडघा वर घेतला, दम घेतला, दुसरा घेतला. या उठण्यात शोभेसारखं काही नसतं. उभा राहिलो तेव्हा माझ्या हाताला कोपरापर्यंत बेसन होतं आणि इस्त्रीचा शर्ट घामाने चिकटला होता.

त्यांनी ताटातल्या वड्यांकडे बघितलं. "तुमी सोता केल्या, भाऊ?"

"रोजचा सैपाक मीच करतो," मी म्हटलं. एवढं बोललो आणि माझी मान आपोआप ताठ झाली.

मुलगी म्हणाली, "ओट्यावर विटा लावून त्यावर शेगडी असते. उभ्याने जमतं त्यांना. काल काढल्या विटा."

"का काढल्या?" त्या बाईंनी विचारलं.

आक्काने वळून सुरी धुवायला घेतली. मग मुलीने मोठ्याने म्हटलं, "जेवायला वाढू का?" आणि सगळे हलले. मी कपाटातून पट्टा काढून शर्टावरून बांधला आणि पाहुण्यांच्या पंक्तीला टेबलखुर्ची घेऊन बसलो. मामांनी तीनदा वाढून घेतलं.

पाहुणे गेल्यावर मी पडवीतल्या विटांकडे निघालो. आक्का माझ्याआधी तिथे पोचली होती. ती एकेक वीट फडक्याने पुसून माझ्या हातात देत गेली आणि मी थर लावत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मढहून फोन आला. मुलाची आई होती. बायको, आक्का, मुलगी, तिघी माझ्याभोवती गोळा झाल्या. मी फोन स्पीकरवर टाकला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "विटा आडव्या लावायच्या का उभ्या?"

मला क्षणभर कळलंच नाही. त्या पुढे सांगत होत्या की त्यांचेही गुडघे पाच-सहा वर्षं झाली गेलेत, घरात कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की काम काढून घेतात आणि मग माणसाला कुणी विचारत नाही. आक्का हाताने खुणा करत होती, स्थळाचं विचार, स्थळाचं विचार.

"आडव्या," मी म्हटलं. "खाली गोणपाट घाला, मंजी सरकत न्हाईत. आदी ओट्याफुडं सरळ उभ्या ऱ्हावा अन् कोपर कुठवर येतंय ते सांगा."

त्या फोन धरून उभ्या राहिल्या असाव्यात, भांड्यांचा आवाज आला. मग त्यांनी ओट्यापासून कोपरापर्यंतची वीत-चार बोटं सांगितली. मी हिशेब केला, दोन थर पुरे होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "अन् तुमच्या पोरीच्या मापानं किती लागत्याल, तेबी सांगून ठिवा."

आक्काचा हात हवेतच राहिला. मी मुलीकडे बघितलं. ती माझ्यावर गेली आहे, माझ्यासारखीच ताडमाड.

"तीन लावा," मी म्हटलं. "आमची पोर उंच हाय. तुमाला पाट घ्यावा लागंल."