सासूबाई, मी आणि तीन मडकी

गेल्या आठवड्यात आमच्या शुक्रवार पेठेतल्या स्वयंपाकघरात एक लढाई झाली... आणि ती मी जिंकले! सांगितल्यावाचून राहवतच नाही.

वन्सं बाळंतपणाला माहेरी आल्या आणि इकडे विहीर तळाला गेली. पाणी ताकासारखं गढूळ... त्यातून गावात पटकीची कुजबुज. डॉक्टरांनी बजावलं, पाणी आधी नीट गाळा, मग उकळा, नाहीतर मुलीला दुसरीकडे हलवा.

सासूबाईंनी तिला मोहोळला मामांकडे पाठवायचं ठरवलंसुद्धा. नववा महिना, भर उन्हाळा आणि स्टेशनापुढे बैलगाडीचे धक्के... वन्सं रडकुंडीला आल्या. मीच पुढे झाले. म्हटलं, सोमवारपर्यंत थांबा, पाणी मी गाळून दाखवते.

मुलींच्या शाळेत शिकलेलं आठवून लाकडी घोडीवर एकाखाली एक तीन मडकी मांडली. वरच्या दोन्हींच्या बुडाला भोक पाडून त्यात कापडाची वात घातली. वरच्यात विहिरीचं पाणी, मधल्यात कोळसा आणि धुतलेली वाळू, खालच्यात गाळलेलं पाणी. आमचे हे मिलमध्ये कारकून... "काय, कारखाना सुरू झाला का?" म्हणून येता-जाता चेष्टा!

पण पाणी गढूळच. दुसऱ्या दिवशीही तेच... माझं तोंड एवढंसं झालं.

तिसऱ्या दिवशी पहाटे परसात गेले, तर सासूबाई माझी मडकी काथ्यानं खसाखसा घासतायत! वाळू, कोळसा सगळं केळीच्या बुडाशी ओतलेलं. रोज पहाटे हेच चाललं होतं... आणि मग नवा कोळसा आणि परसातल्या ढिगातली न धुतलेली वाळू भरून सगळं परत जागच्या जागी.

"कालचं पाणी शिळं की गं! पिण्याचं भांडं रोज घासायला नको व्हय?" त्या म्हणाल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण करणार काय... घरोघरची रीतच ती.

मग एकदम सुचलं. त्यांचं माहेर सीनेकाठचं.

"आई, उन्हाळ्यात तुम्ही नदीच्या वाळूत झिरा उकरून पाणी भरायचात ना?"

"व्हय की. काचेसारखं पाणी!"

"मग ती वाळू रोज कोण घासायचं?"

सासूबाईंचा हात थांबला. मग त्या खुदकन हसल्या. "लई शहाणी आहेस," म्हणाल्या, आणि पदर खोचून स्वतःच वाळू धुवायला बसल्या. ठरलं असं की खालचं मडकं रोज घासायचं, मधल्याला कुणी हात लावायचा नाही.

सोमवारी पितळी तपेलं भरलं, तर पाण्यातून तळाची कल्हई लख्ख दिसली. मोहोळचा बेत रद्द! वन्सं माझ्या गळ्यातच पडल्या. ह्यांनी चेष्टा न करता उकळून निवलेलं दोन भांडी पाणी प्यायलं.

काल वन्संना मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि कुतूहलानं घोडीपाशी वाकल्या, तशा सासूबाई आतून गरजल्या, "मधल्याला हात लावू नका हो! माझ्या सुनेनं मांडलंय ते."

मी चुलीपाशी पाणी उकळत होते. लग्न होऊन आल्यापासून या स्वयंपाकघरात माझ्या नावानं असं काही पहिल्यांदाच ऐकलं... आणि खरं सांगते, डोळे भरून आले.