खताचं विरजण आणि सासरे

घरी चांगलं कंपोस्ट करायला ओला कचरा, सुका पाला आणि धडधाकट सासरे लागतात.

फौजेतून निवृत्त होऊन रहिमतपूरला परतलो आणि परसात खताचा ड्रम मांडला. आठवडे उलटले, पण केळीची सालं जशीच्या तशी! (वास मात्र वेळेवर सुटला.) कुणीतरी म्हणालं, विरजण लावा. मग मी आंबट ताकात गूळ कालवला, जुन्या खताचं पाणी गाळून घातलं आणि उन्हानं बिघडू नये म्हणून तांब्या स्वयंपाकघरात माठाशेजारी ठेवला. (फौजेत मला शिस्तीबद्दल शाबासकी मिळायची!)

पोतंभर पाला गोळा करून आलो, तर सोप्यात सासरे. भर उन्हात जतहून आलेले, मिशा पुसत बसलेले. समोर तांब्या. रिकामा!

बायकोला आत ओढलं. "सुनंदा, तांब्यातलं काय झालं?"

"ताक व्हय? मीठ-जिरं घालून आबांना दिलं. आवं, असं काय बघताय?"

मी सोप्यात धावलो. म्हाताऱ्याचं बरंवाईट झालं तर? मेव्हणे सगळे मेंढरांमागे काठी घेऊन फिरणारे! पण काठ्यांपेक्षा भीती म्हाताऱ्याचीच जास्त होती. वडील गेल्यापासून माझ्या पाठीवर हात ठेवणारा तो एकच माणूस.

"आबा, बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीया?" म्हणत ते वाकळेवर आडवे झाले. डोळे मिटले. हालचाल नाही! मी नाकाखाली बोट धरलं.

एक डोळा उघडला. "जावईबापू, काय करताय?"

"माशी होती!"

थोड्या वेळानं त्यांनी पोटावर हात ठेवला.

"आबा, पोटात काही होतंय?"

"व्हय. कवाधरनं होतंय."

"सुनंदा, रिक्षा बोलव!" मी ओरडलो. "आबा खताचं पाणी प्यायलेत!"

आत उलथनं पडलं. सुनंदा धावत आली आणि माझ्याकडे अशी बघू लागली की रिक्षा मलाच लागेल असं वाटलं.

"आरं, भूक लागलीया मला," सासरे उठून बसले. "खताचं व्हय? तरीच म्हनलं, पोरीच्या हाताला एवढी चव आली कवा! आनखी हाय का?"

सासऱ्यांनी खताची गोष्ट पोटातच ठेवली. जतला गावभर सांगितलं ते एवढंच, की आमच्या जावयाच्या हातचं ताक लय झ्याक. आता तिकडे लग्न निघालं की मठ्ठ्याला मलाच बोलावणं येतं. देशाची सेवा करून आलेला मी पातेलंभर ताक घुसळत बसतो, आणि ड्रममधली केळीची सालं अजून जशीच्या तशी आहेत!