न उघडलेले निरोप

कारखान्याच्या गोदामात छत्तीस वर्षं भांडारपाल म्हणून काढलेल्या या गृहस्थांना सगळे पाठीमागे 'कुलूपकाका' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. माल आला की यादी धरायची, खोक्यावरची चिठ्ठी वाचायची, खूण करायची. सीलबंद खोकं उघडायचं नाही. या नियमाने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

निवृत्तीच्या तोंडावर बायको गेली. ती बोलकी, हे घुमे. कामावर फोन उचलायचे नाहीत, म्हणून ती बिचारी आवाजी निरोप ठेवायची. असे तीनशेच्या वर साठले होते. बरेचसे यांनी ऐकलेच नव्हते. तेव्हा वेळ नव्हता आणि आता धीर होत नव्हता. रिकाम्या घरात ते पुरवून पुरवून ऐकायचे, असं त्यांनी ठरवलं होतं.

फोन भरला तेव्हा ते पेनड्राइव्ह घ्यायला गेले. दुकानदारीणबाईंनी बजावलं, हा बिननावाचा घेऊ नका, वर लिहिलेली जागा आत असेलच असं नाही. पण त्यावर ठसठशीत 'दोन टीबी' छापलं होतं आणि छापील चिठ्ठीवर संशय घेणं काकांच्या रक्तात नव्हतं. दुधाने तोंड कधी पोळलंच नव्हतं, तर ताक फुंकणार कोण?

आधी घराची कागदपत्रं भरली, मग मुलीच्या लहानपणीचे व्हिडिओ, शेवटी निरोप. यादीशी एकेक नाव ताडून पाहिलं. एकही कमी नव्हतं. मग फोनमधलं सगळं पुसून टाकलं.

एका रविवारी मन घट्ट करून त्यांनी पहिला निरोप लावला. उघडेना. दुसराही उघडेना. तसेच दुकानात गेले. बाईंनी तपासून सांगितलं, आत जागा थोडकीच आहे. ती संपली की पुढचं नुसतं नाव नोंदलं जातं, आत काही उतरत नाही. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. घराची कागदपत्रं मात्र धडधाकट होती.

संध्याकाळी काकांनी परगावच्या मुलीला आपणहून फोन केला आणि सगळं सांगितलं. ती रागावली नाही, तेच त्यांना जास्त लागलं.

"बाबा, आई गेली त्या दिवशीचा एक निरोप होता ना? मला म्हणाली होती, बाबांसाठी ठेवलाय म्हणून."

"अकरा वाजून सात मिनिटांचा. बावीस सेकंदांचा. यादीत आहे."

"काय म्हणाली होती त्यात?"

काकांनी यादीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी उघडला नव्हता गं," ते म्हणाले.