आत्याच्या काळजाचा फोटो

माझी आत्या राजाबाई साठी ओलांडली तरी दिवसभर मेंढरांमागं चालायची. तिला घरी बसवलं एका फोटोनं आणि तिच्या पोटच्या पोरानं. कोणावर जास्त चिडावं, ते मला अजून ठरवता येत नाही.

दोन हजार एकोणीसच्या दुष्काळात चिकलठाण्याकडचं निम्मं रान प्लॉटांत गेलेलं, उरलेलं करपलेलं. आत्या कळप घेऊन गंगापूरकडं, उसाच्या वाढ्यांवर, म्हणजे तोडलेल्या उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, मेंढरं चारायला निघणार होती. तेवढ्यात तिच्या छातीत जळजळायला लागलं. तिचा मुलगा अजिनाथ तिला शहरात घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळ्यांचा सीटी स्कॅन करू, म्हणजे शंका फिटेल.

स्कॅनवाल्यानं विचारलं, "आजी, चहा, तंबाखू काही घेतलंय का?"

"नाय बाबा, पान्याशिवाय तोंडात काय नाय."

खोटं नव्हती बोलत. मिश्री सकाळीच दोनदा लावली होती, पण आमच्यात मिश्री म्हणजे दात घासणं, ती उपासालाही चालते. जाळलेली असली तरी तंबाखूच ती! रांगेतल्या निम्म्या बायकांचे दात काळे होते. 'मिश्री लावता का' एवढं विचारायला याची जीभ झडली असती का?

तंबाखूनं काळजाचे ठोके वाढतात; तिचेही जोरात पडत होते, गोळी देऊनही उतरेनात. थांबायचं सोडून "मागं लाइन आहे" म्हणत त्यानं तिला आत घेतलं. रिपोर्ट आला, मोठी नळी जवळपास बंद. डॉक्टर म्हणाले, सोमवारी हातातून तार घालून अँजिओग्राफी करायची, तोवर चालायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी अजिनाथनं मेंढरांच्या व्यापाऱ्याचा टेम्पो दारात उभा केला.

"अरे, सोमवारपर्यंत तर थांब!" मी ओरडले.

"मशीन खोटं बोलतं व्हय?" तो म्हणाला. "मेंढरं राहिली तर ही चालल्याबिगर राहनार नाय."

आत्या ओट्यावर बसून बघत राहिली. एकेक मेंढी तिच्याकडं मान वळवून ओरडत टेम्पोत चढली.

सोमवारी डॉक्टर हसत बाहेर आले. "नळ्या स्वच्छ आहेत. पित्त असेल. स्कॅनला ठोके जोरात होते, चित्र हललं. हललेल्या चित्रात चांगली नळीही बंद दिसते. सीटी स्वच्छ आली तर निर्धास्त राहावं, अडथळा दाखवला तर मात्र खात्री करून घ्यावी."

"मग हे त्या दिवशीच तोंडानं सांगता नाही आलं?" माझा आवाज सगळ्या वॉर्डात गेला. डॉक्टर घड्याळ बघत निघून गेले.

अजिनाथ मात्र पेढे घेऊन आला. "आई, तुझं काळीज एकदम धड हाय!"

आत्यानं पेढा हातातच ठेवला.

"धड हाय ना? मग आता ते घेऊन कुनाच्या मागं चालू, सांग."