कुठला गुडघा?

कमळक्काच्या दवाखान्यात शिरलं की नमस्काराआधी प्रश्न यायचा, "कुठला गुडघा ग?"

माझ्या उजव्या गुडघ्यावर ऑपरेशनचा ठसठशीत व्रण होता, तो तिने शंभरदा पाहिलेला होता, आणि तरीही ती दर वेळी विचारायची. मी तोंड वाकडं करून "उजवा" म्हणायचे. "सरी. अजून लक्षात आहे म्हणायचं," असं पुटपुटत ती समोरच्या ताटलीतली भुईमुगाची शेंग फोडायची.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याहून मी बंगळूरला बँकेत आले ती व्हॉलीबॉलच्या जोरावर. एका सामन्यात स्मॅश मारून खाली उतरताना उजवा गुडघा वळला आणि आतलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशननंतर मला फिजिओथेरपिस्ट कमळक्काच्या हवाली करण्यात आलं. पुन्हा खेळता येईल का, एवढा एकच घोर मला लागला होता. खेळ सुटला असता तर मी नुसती कारकून उरले असते, आणि कारकून म्हणून मी अगदीच सुमार होते.

अक्का बंगळूरच्या बसवनगुडीतली, पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी, पण बोलण्यात 'ठीक'ला 'सरी' आणि 'हो ना'ला 'अल्वा' असं कन्नड मिसळलेलं. अंगाने गोल, चालणं निवांत. तिला धावताना कुणी पाहिलं नव्हतं. "मी धावले तर तुम्हाला धावायला कोण लावणार?" असं ती विचारायची. माझ्या पुणेरीपणावर तिचा विशेष लोभ होता. एकदा मी स्वतःला बाहेरची म्हणाले तर म्हणाली, "आमची माणसं इथं घोड्यावरून आली, तू रेल्वेतून आलीस. घोड्यांचं कौतुक संपलं, तुझंही संपेल. बस खाली, पाय उचल."

तिची शिकवण्याची तऱ्हा और होती. मी ठोकळ्यावरून उडी मारायची आणि जमिनीला पाय लागायच्या आत तिने फेकलेली शेंग झेलायची. शेंग चुकली की पुन्हा ठोकळ्यावर. मी गुडघ्याकडे बघत उतरायचे, त्यामुळे शेंगा सगळ्या खोलीभर व्हायच्या. "गुडघ्याला काय बघतेस? तो पळून जातोय होय?" अक्का म्हणायची. मग पडलेल्या शेंगा मलाच वेचायला लावायची, कारण खाली वाकणं हाही व्यायामच.

पुढे गुडघा खरोखरच सुधारला. अक्काने टेपने दोन्ही मांड्या मोजल्या, त्या सारख्या भरल्या. एका पायावरच्या उड्याही दोन्हीकडे सारख्याच लांब पडल्या. डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही म्हणून सांगितलं. संघनिवड तोंडावर आली होती. आमचे संघाचे सर मात्र अक्काच्या होकारावर अडून बसले होते, आणि अक्का होकार देईना.

"मांडी सरी आहे," ती म्हणाली, "डोकं स्वल्प लंगडतंय."

मी चिडले. माझ्या डोक्याशी तिचा काय संबंध, असंही बोलून गेले. ती शांतपणे म्हणाली, "नी-कॅप आण, मी चढवते." आणि उड्या मारताना मी न चुकता घालायचे ती रबरी नी-कॅप तिने सरळ माझ्या डाव्या गुडघ्यावर चढवली. विंचू चावल्यासारखी मी ओरडले, "अक्का, उजवा!"

"बघ," ती म्हणाली. "गुडघ्याला ऊब देण्यापलीकडे ती काही करत नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी जीव तिच्यात अडकलाय, अल्वा?"

मला रडू आलं. उतरताना मी अजून सगळं वजन डाव्या पायावर घ्यायचे, आणि हे तिच्याखेरीज कुणालाच दिसलं नव्हतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी जयनगरच्या मैदानावर सरावाचा सामना होता. त्यावरूनच निवड व्हायची होती. अक्का शेंगांची पुडी घेऊन आली आणि नी-कॅप चढवता चढवता पुण्याच्या चहाबद्दल असं काही बोलली, की मी तावातावाने भांडायला लागले. चहात पाणी जास्त असतं, म्हणे. शिट्टी वाजली तेव्हाही माझं उत्तर अर्धंच झालं होतं. मी तशीच धुसफुसत कोर्टात शिरले.

पहिला उंच चेंडू आला आणि मी उडी मारली. स्मॅश लागला, खाली उतरले, पुढच्या चेंडूकडे धावले. सामनाभर मी उड्या मारत होते आणि उतरत होते. शेवटची शिट्टी झाल्यावर घाम पुसत अक्काकडे गेले, ते चहाचं उत्तर पूर्ण करायलाच.

"कुठला गुडघा ग?" तिने विचारलं.

मी खाली पाहिलं. नी-कॅप डाव्या पायावर होती.

अक्का इतकी हसली की पुडी सांडली. "तुमच्या पुण्याचा चहा चांगला असतो," डोळे पुसत ती म्हणाली, "मी प्यायलेय." मग तिथूनच तिने सरांना हात करून होकार कळवला.

मी बंगळूर सोडलं तेव्हा ती मला स्टेशनवर पोचवायला आली होती. गाडी हलायच्या बेतात असताना तिने तोच प्रश्न विचारला. मी मुद्दाम एकदा या पायाकडे, एकदा त्या पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "आठवत नाही, अक्का."

"पुण्याच्या माणसांना खोटंसुद्धा नीट बोलता येत नाही," ती म्हणाली आणि खिडकीतून पुडी माझ्या मांडीवर टाकली.

आज अक्का नाही. तिची फार आठवण येते. उजवा गुडघा मी एक दिवसही विसरले नाही, हे तिला माहीत होतं. पण त्याला विचारून उडी मारायची माझी सवय तिने कायमची मोडली.